न बोलणाऱ्याची तहान

‘उपवास’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी असा एक वेगळाच स्वयंपाक उभा राहतो. ज्यू परंपरेतील उपवासाला ही सोय नाही. तो निर्जळी असतो. वर्षातील दोन मोठे उपवास म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर आणि जेरुसलेममधील मंदिराच्या दोन्ही विध्वंसांचा शोकदिन तिशा बेआव. हे दोन्ही आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत, म्हणजे सुमारे २५ तास चालतात. धडधाकट माणसाने अन्नपाणी वर्ज्य केले तर त्याचा ताप त्याच्या एकट्याच्या देहाला होतो. परंतु अंगावर पाजणाऱ्या आईचे तसे नाही. तिच्या दुधाचा सुमारे ८७ टक्के भाग पाणीच असतो आणि उपवासाच्या दिवशीही तिच्या देहातून दुसऱ्या एका देहाला अन्न जात असते. व्रत तिचे असते, तहान मात्र दोघांची. या दुसऱ्या तहानेची दखल धर्मशास्त्राने कशी घेतली, किती उशिरा घेतली आणि कोणाच्या तोंडून ऐकली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुळात लेवीय या ग्रंथात योम किप्पूरची आज्ञा येते ती ‘उपवास करा’ अशा शब्दांत नव्हे. आपल्या जिवाला क्लेश द्यावेत, असा तिचा आशय आहे. या क्लेशांचा नेमका अर्थ इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ने लावला : खाणेपिणे, स्नान, तैलाभ्यंग, पादत्राणे आणि शरीरसंबंध हे त्या दिवशी निषिद्ध. मात्र ज्या परिच्छेदात ही यादी येते त्याच परिच्छेदात एक अपवादही नोंदलेला आहे. रब्बी एलियेझर यांच्या मते ओल्या बाळंतिणीने पायांत वहाणा घालाव्यात. थंडीची बाधा होऊ नये, हे त्याचे कारण. इतर विद्वानांचा याला विरोध होता. पुढे स्थिरावले ते मात्र एलियेझर यांचेच मत. नियम ज्या क्षणी आकार घेतो आहे त्याच क्षणी बाळंतिणीचे पाय शास्त्रकाराला दिसले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बायबलमधील तान्ही मुले याच प्रश्नाभोवती वावरताना दिसतात. टोळधाडीच्या संकटात योएल संदेष्टा उपवासासाठी अवघ्या लोकांना जमवतो, तेव्हा अंगावर पिणारी बालकेही त्यातून सुटत नाहीत. योना संदेष्ट्याच्या कथेत निनवे शहराचा राजा माणसांबरोबर गुराढोरांनाही उपाशी ठेवतो. ही कथा योम किप्पूरच्या दुपारी प्रार्थनामंदिरात वाचली जाते. याच्या नेमकी उलट बाजू हन्नाच्या कथेत आहे. अपत्यासाठी अन्न सोडून रडणारी हन्ना शमुवेल झाल्यावर वार्षिक यात्रेला जायचे नाकारते आणि मुलाचे दूध तुटेपर्यंत घरीच राहते. नवऱ्यालाही ते मान्य असते. सार्वजनिक धर्मकृत्यापेक्षा पाजणे आधी, असे कोणतेही सूत्र कथेत सांगितलेले नाही, पण घडते ते तसेच.

सर्वांत अस्वस्थ करणारा ग्रंथ ‘विलापगीत’ हा होय. तिशा बेआवच्या रात्री दिवे मंद करून, जमिनीवर बसून तो वाचतात. वेढा पडलेल्या नगरातील भूक त्यात मुख्यतः मुलांच्या देहांतून व्यक्त होते. तहानेने तान्ह्याची जीभ टाळूला चिकटते. आईच्या कुशीत मुले प्राण सोडतात. रानातले कोल्हेसुद्धा पिलांना पाजतात, पण या नगरीतील माता निष्ठुर झाल्या आहेत, असा आक्रोश कवी करतो. आता ही रात्र त्या वाचनाला बसलेल्या, मांडीवर मूल असलेल्या बाईच्या बाजूने पाहावी. ज्या दिवशी दूध आटलेल्या आयांचा शोक करायचा, त्याच दिवशी तिने स्वतः पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. स्मरणविधी आणि स्मरणाचा विषय यांतील हा अंतर्विरोध परंपरेच्या ध्यानात आला नसेल असे म्हणवत नाही.

कारण व्यवहाराच्या कायद्यात पाजत्या आईची काळजी याच विद्वानांनी बारकाईने घेतली होती. विवाहकरारांविषयीच्या ‘केतुबोत’ या प्रकरणात मिश्ना सांगते की, बायको पाजती असेल तर तिच्या वाट्याचे सूतकताईचे काम कमी करावे आणि तिच्या अन्नाचा वाटा वाढवावा. दूध पाजण्याचा काळ चोवीस महिने की अठरा, यावर शम्माय आणि हिल्लेल या दोन घराण्यांत वाद आहे. दुसऱ्या विवाहाने दूध तुटू नये म्हणून तान्हे मूल असलेल्या विधवेच्या पुनर्विवाहावरही मुदतीचे बंधन घातले आहे. म्हणजे दूध हे अन्न आहे, ते आईच्या अन्नातून बनते आणि त्यावर मुलाचा हक्क आहे, हे सारे या कायद्याला ठाऊक होते.

तरीही बाबिलोनी ताल्मूदच्या ‘पेसाहीम’ प्रकरणात रावा या विद्वानाच्या नावे निर्णय येतो : गरोदर आणि पाजत्या स्त्रियांनी तिशा बेआवचा उपवास योम किप्पूरप्रमाणेच पूर्ण करावा. पावसासाठी करावयाच्या सामूहिक उपवासांबाबत मात्र ताल्मूद चाचपडताना दिसतो. एक वचन म्हणते की या स्त्रियांनी पहिले उपवास करावेत, शेवटचे नव्हेत. दुसरे नेमके उलट सांगते. तिसरे दोन्ही नाकारते. अखेर मधल्या उपवासांवर तडजोड होते. पुढे सफेद येथे राहणाऱ्या योसेफ कारो यांनी १५६३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शुल्हान आरूख’ या संहितेत हे सारे नीट लावले गेले. लहान उपवासांतून गरोदर व पाजत्या स्त्रिया मोकळ्या. दोन्ही मोठे उपवास त्यांना लागू. प्रसूतीनंतर पहिले तीन दिवस योम किप्पूरचाही उपवास करायचा नाही. त्यापुढे सातव्या दिवसापर्यंत बाळंतिणीने ‘मला गरज आहे’ म्हटले तर तिला खाऊ घालायचे. तिशा बेआवला ही सवलत तीस दिवसांची. क्राकूव्हचे मोशे इस्सरलेस यांनी त्यावर टीप जोडली की, लहान उपवास बंधनकारक नसले तरी फारसा त्रास होत नसलेल्या स्त्रिया ते पाळतात, अशी रूढी आहे. मोकळीक कायद्याने दिली आणि रूढीने ती आकसली. आपल्याकडील व्रतांचा इतिहास जाणणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

येथे ‘मला गरज आहे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जीव वाचवणे हे जवळजवळ सर्व आज्ञांहून वरचे, हे ज्यू धर्मशास्त्राचे पायाभूत तत्त्व. हिब्रूत त्याला ‘पिकुआह नेफेश’ म्हणतात. धोका निश्चित असण्याचीही अट नाही; संशय पुरे. तो धोका ओळखायचा कोणी? मिश्ना जाणकारांकडे बोट दाखवते, पण ताल्मूद पुढे जातो : वैद्य नको म्हणत असला आणि रोगी अन्न मागत असला तर रोग्याचे ऐकावे, कारण हृदयाचे दुःख हृदयालाच ठाऊक. ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील एका वचनाचा हा कायदेशीर उपयोग आहे. स्वतःच्या देहाविषयी माणसाची साक्ष तज्ज्ञाच्या साक्षीहून श्रेष्ठ मानणारी अशी तरतूद प्राचीन कायद्यांत विरळाच.

त्याच ठिकाणी ताल्मूद दोन गरोदर स्त्रियांची गोष्ट सांगतो. योम किप्पूरच्या दिवशी अन्नाचा वास येऊन दोघींना अनावर वासना होते. अशा स्त्रीला जिवात जीव येईपर्यंत खाऊ घालावे, असा मिश्नाचा नियम आहेच. पण आधी कानात कुजबुजून पाहावे की आज योम किप्पूर आहे. पहिली शांत होते आणि तिच्या पोटी थोर विद्वान रब्बी योहानान जन्मतात. दुसरीवर कुजबुज चालत नाही. तिच्या पोटी धान्याची साठेबाजी करणारा शब्बताय जन्मतो. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावे. कायदा दुसरीला निःशंकपणे जेवू घालतो, कथा मात्र तिच्या भुकेला मुलाच्या चारित्र्याचा पुरावा बनवते. नियम उदार आणि आख्यान कठोर, अशी ही विभागणी आहे. स्त्रियांच्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या राज्य केले ते नियमांपेक्षा अशा आख्यानांनी असावे.

पाजत्या आईची खरी अडचण यापुढे आहे. ती आजारी नसते. तिचा स्वतःचा जीव धोक्यात नसतो, म्हणून ‘मला गरज आहे’ असे तिने म्हणायचे तरी कशाच्या आधारावर? ज्याचा जीव धोक्यात असू शकतो त्याला बोलता येत नाही. रोग्याच्या आवाजाला सर्वोच्च मान देणारा कायदा या न बोलणाऱ्या रोग्यापाशी अडखळतो. सतराव्या शतकात व्हेनिसचे रब्बी शमुएल आबोआब यांच्यापुढे हाच प्रश्न आला : मूल आजारी आहे, ते या आईखेरीज कोणाचेही दूध घेत नाही आणि तिने उपवास केला तर मुलाच्या जिवाला धोका आहे. आबोआब यांनी आईला खाण्याची परवानगी दिली. इस्राएल मेईर कागान यांनी १८८४ ते १९०७ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘मिश्ना बेरुरा’ या प्रमाणभूत भाष्यग्रंथात या निर्णयाला जागा दिली. आईचे खाणे हे मुलाचे औषध ठरू शकते, हे त्यातून मान्य झाले. आईच्या मुखातून दुसऱ्याची गरज बोलू शकते, असाही त्याचा अर्थ होतो.

परवानगी मिळाली तरी खायचे कसे, याचाही तपशील आहे. मोठ्या खजुराएवढे अन्न किंवा गालभर पाणी ठरावीक वेळात घेतले तरच दंडनीय भंग होतो. म्हणून त्याहून कमी मात्रेत, मध्ये सुमारे नऊ मिनिटांचे अंतर ठेवून रोग्याला अन्नपाणी द्यावे, अशी पद्धत रूढ झाली. घोटाघोटाने व्रत आणि जीव दोन्ही सांभाळण्याची ही युक्ती. ब्रिस्कचे रब्बी हायिम सोलोव्हेइचिक (१८५३-१९१८) यांना मात्र ती अनेकदा अपुरी वाटे. आजाऱ्याला सरळ खाऊ घाला, असे ते सांगत. उपवासाबाबत मी सैल नाही, जीव वाचवण्याबाबत कडक आहे, असा त्यांचा खुलासा प्रसिद्ध आहे. १८४८ मध्ये व्हिल्नात पटकीची साथ असताना रब्बी इस्राएल सालांतर यांनी योम किप्पूरला लोकांना खाण्याची मुभा जाहीर केली. त्या आठवणीतूनच पुढे दाविद फ्रिशमान यांची ‘तिघे ज्यांनी खाल्ले’ ही हिब्रू कथा आकाराला आली. त्या कथेत खाणे हेच धर्मकृत्य होते. ताल्मूदातील कुजबुजीच्या गोष्टीला साहित्याने दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

हा सारा ग्रंथव्यवहार ज्यांच्यापर्यंत शतकानुशतके पोचला नव्हता, असा एक ज्यू समाज मराठी भाषेतच नांदत होता. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे गावच्या बोलीतले ‘शनिवार तेली’, ताल्मूदशी परिचित नसतानाही उपवास पाळत राहिले. हाइम सॅम्युएल केहीमकर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापलेल्या इतिहासात या सणांची मराठी नावे आढळतात. योम किप्पूर हा ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात राहायचे. तिशा बेआव हा ‘बिरड्याचा रोजा’. विध्वंस झालेले मंदिर या नावात नाही. आहेत ते उपवासाशी जोडलेले वाल. वाल आधी भिजत घालावे लागतात, मोड आणावे लागतात, एकेक करून सोलावे लागतात. हे नाव स्वयंपाकघरातून आलेले दिसते. संहितांमध्ये स्त्री ही निर्णयाचा विषय असते. येथे ती नाव ठेवणारी आहे.

योम किप्पूरबाबत मुख्य नियम आजही तोच आहे : निरोगी पाजत्या आईने उपवास करावा. परंतु बाळ किती दिवसांचे आहे, त्याला वरचे दूध चालते काय, दूध कमी होते आहे काय, हे विचारून निर्णय देण्याकडे आणि तिशा बेआवला अधिक सवलत देण्याकडे अनेक रब्बींचा कल आहे. जेरुसलेममधील ‘निश्मत’ या संस्थेने १९९७ मध्ये स्त्रियांना धर्मशास्त्रीय सल्लागार म्हणून शिकवण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून असे प्रश्न स्त्रीने स्त्रीला विचारण्याचीही वाट झाली. या प्रश्नांत धर्मशास्त्र आता आईलाच साक्षीला बोलावते. बाळ सकाळपासून किती वेळा ओले झाले, हे जिला ठाऊक आहे तिचे उत्तर त्या निर्णयात पुरावा म्हणून धरले जाते.