थव्याची हाक

पहाटे खर्डी स्टेशनातून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचा भोंगा वाजतो आणि पाठोपाठ आमच्या माजघरात दुसरा भोंगा वाजतो. खरा कुठला आणि नकली कुठला, हे नव्या पाहुण्याला कळत नाही. मग कुणीतरी दमेकरी माणसासारखं खोकतं आणि विचारतं, "अगं, चहा झाला का?" हा आवाज माझ्या मामूंचा. मामू २००९ साली वारले.

विचारणारा असतो कप्तान. राखाडी अंग, पांढरट चेहरा, काळी चोच आणि शेपटी तेवढी लालभडक, असा हा आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट. मामू बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या आमच्या मुसलमान वस्त्यांतून पिढ्यान्पिढ्या माणसं बोटीवर गेली आणि परतताना रेडिओ, घड्याळं, कापड घेऊन आली. मामूंनी १९७९ साली लागोस बंदरातून हे पाखरू आणलं. तेव्हा मी शाळेत होतो. म्हणजे माझ्या आणि कप्तानच्या वयात फारसं अंतर नाही. ही जात माणसाच्या घरात चाळीस ते साठ वर्षं जगू शकते. आमच्यात आधी कोण जाईल, हे सांगता येत नाही.

पोपट पाळणं आपल्याकडे नवं नाही. इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमाराला इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. त्याने हिंदुस्थानाविषयी लिहिताना माणसासारख्या बोलणाऱ्या पक्ष्याची नोंद केली. हा पक्षी हिंदी लोकांची भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असं त्याचं म्हणणं. वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कला दिल्या, त्यांतली एक म्हणजे पोपट-मैनांना बोलायला शिकवणं. आणि 'शुकसप्तती'त तर पोपटच कथेकरी झाला. नवरा परगावी गेलेल्या बाईला रोज रात्री एक गोष्ट सांगून तो घराबाहेर पडू देत नाही. अशा सत्तर रात्री.

ही पोथी माझ्या जिव्हाळ्याची, कारण तिने केलेला प्रवास. चौदाव्या शतकात झियाउद्दीन नख्शबी यांनी ती फारसीत 'तूतीनामा' म्हणून नव्याने सांगितली, तेव्हा रात्री बावन्न झाल्या. अकबराने तिची सचित्र प्रत करवून घेतली. त्या प्रतीचा मोठा भाग आज अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. आणि आपल्या मराठीतही ती उतरली. रिचर्ड श्मिट या जर्मन पंडिताने तो मराठी अनुवाद १८९७ साली लाइपझिगहून जर्मन भाषांतरासह छापला. संस्कृत, फारसी, मराठी, जर्मन. एका पोपटाच्या गोष्टीने एवढ्या भाषांची वेस ओलांडली. माझ्यासारख्या दोन-तीन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

पण कप्तानबरोबर राहायला लागल्यापासून या गोष्टींतली एक उणीव मला टोचू लागली. या सगळ्या परंपरेत पोपट बोलतो ते माणसाच्या कामाचं. तो निरोप देतो, नीती सांगतो, घराची राखण करतो. तो बोलतो तरी का, हे मात्र कुणी विचारत नाही. अर्थ न समजता केलेल्या बडबडीला आपण 'पोपटपंची' म्हणतो आणि मोकळे होतो.

पोपट पकडायची एक जुनी युक्ती ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात दृष्टान्तासाठी घेतली आहे. दोरीत ओवलेल्या नळीवर पोपट येऊन बसतो. त्याच्या वजनाने नळी फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. पंख मोकळे, पाय मोकळे. पण आपण अडकलो असं समजून तो नळी घट्ट धरून ठेवतो आणि पकडला जातो. माउलींना सांगायचं होतं ते जीवाविषयी. मला मात्र त्या ओव्या वाचताना नळी लावणाऱ्याची आठवण होते, कारण लहानपणी मीही त्यांच्यातलाच होतो.

खर्डीच्या आसपास तेव्हा आजच्यापेक्षा दाट रान होतं. तानसा तलावाच्या बाजूला साग, ऐन, मोह, सावर. लाल चोचीच्या राघूंचे थवे संध्याकाळी कलकलाट करत डोक्यावरून जात. आम्ही पोरांनी एका सावरीच्या ढोलीतून राघूची पिल्लं काढली. तीन होती. दोन त्याच आठवड्यात मेली. तिसऱ्यासाठी वडिलांनी शहापूरहून पिंजरा आणला. त्याला आम्ही भाकरी, मिरची आणि पेरू घालत असू. तो दोन पावसाळे जगला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झालेला होता, पण आमच्या घरात त्याची कुणाला खबर नव्हती. पुढे १९९१ च्या दुरुस्तीनंतर देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आज आपला राघू घरात पाळणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंड एक लाख रुपयांपर्यंत वाढवला आहे, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही गावोगावी ओट्यावर पिंजरे दिसतात, कारण तो गुन्हा आहे हेच कुणाला वाटत नाही.

२०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका वृद्ध बाईने पोलिसांत तक्रार केली, की नातलगाने पाळलेला पोपट आपल्याला शिव्या देतो. पोलिसांनी पोपटाला ठाण्यात बोलावलं. तिथे तो एक शब्दही बोलला नाही. शेवटी त्याला वनखात्याच्या हवाली केलं. बातमी वाचून सगळा महाराष्ट्र हसला. मीही हसलो. मग मनात आलं, अनोळखी जागी, अनोळखी माणसांत तो बोलेल तरी कशाला?

कारण पोपटाचं बोलणं मुळात थव्यासाठी असतं. रानात पांगलेले पक्षी एकमेकांना हाका मारत राहतात. मी इथे आहे, तू कुठे आहेस? थव्यातले आवाज उचलता आले, की पक्षी त्या थव्यातला होतो. पिंजऱ्यातल्या पोपटाला दुसरा थवा नसतो. त्याचा थवा म्हणजे आपण. म्हणून तो आपले शब्द उचलतो. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधक बाईंनी ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रेबरोबर तीस वर्षं काम केलं. ॲलेक्स शंभरावर वस्तू, रंग, आकार यांची नावं सांगे, लहान संख्या मोजे. २००७ साली तो गेला. नुसत्या नकलेपलीकडे या पक्ष्याला काही कळतं, हे त्याने जगाला मान्य करायला लावलं.

पण तो मान्य होईपर्यंत रानं रिकामी होत आली होती. १९७५ ते २०१३ या काळात तेरा लाखांहून अधिक रानटी आफ्रिकन ग्रे कायदेशीर व्यापारातून परदेशी गेले. चोरून नेलेले आणि वाटेतच मेलेले वेगळे. घाना देशात १९९२ नंतर त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचं संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रानातून धरलेल्या ग्रे पोपटांचा व्यापार बंद करायचं ठरलं. जानेवारी २०१७ पासून ते लागू झालं. मामूंनी हौसेने आणलेलं पाखरू या तेरा लाखांतलं होतं की हिशेबाबाहेरचं, कोण सांगणार? पण माझी ढोलीतली तीन पिल्लं आणि मामूंचा कप्तान ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, एवढं मला कळतं.

मुमानी, म्हणजे मामी, २००५ साली गेल्या. त्यानंतरही माझगावच्या खोलीत कप्तान मामूंच्या आवाजात मुमानींना चहा विचारत राहिला. मामू गेल्यावर मी त्याला खर्डीला आणलं. पहिल्या सहा महिन्यांत तो एक शब्द बोलला नाही. त्याने छातीवरची पिसं उपटून काढली. उघड्या कातडीकडे बघवत नसे. मग एका सकाळी तो दांडीवरून खाली पडला आणि थरथरू लागला. आम्ही टोपलीत घालून त्याला मुंबईला पशुवैद्याकडे नेलं. ते म्हणाले, अंगात चुना नाही, म्हणजे कॅल्शियम कमी. या जातीत ते पटकन घटतं. खायला काय घालता? मी अभिमानाने सांगितलं, सूर्यफुलाच्या बिया, भरपूर. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघराचे कायदे बदलले. भिजवून उकडलेले मूग आणि चणे, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला हे त्याचं जेवण. बिया अगदी थोड्या, बक्षिसादाखल. मिरची चालते, कारण पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. चहा, कॉफी, चॉकलेट आणि अव्होकाडो बंद. सकाळचं कोवळं ऊन हवं आणि ते काचेआडून नको, काच उन्हातला कामाचा भाग अडवते. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता. नॉनस्टिक तवा घरातून गेला, कारण तो फार तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतात. गुरुवारी संध्याकाळी घरभर ऊद फिरवायची आमची रीत. ती आता अंगणापुरती उरली. अम्मीने आधी कुरकुर केली, मग स्वतःच धुपाटणं बाहेर नेऊन ठेवलं.

पण अन्नाने अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं काम वेळेचं. रोज दोन-तीन तास कुणीतरी त्याच्याशी बोलायचं, त्याला पिंजऱ्याबाहेर काढायचं, फोडायला नारळाची करवंटी द्यायची. पिसं यायला वर्ष लागलं. काही जागी आलीच नाहीत. ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा "चहा झाला का?" विचारलं, त्या दिवशी घरात सगळे चिडीचूप झाले. अम्मी पदराने डोळे पुसत म्हणाली, "भाई आला."

त्याला रानात सोडून द्या, असा सल्ला देणारे भेटतात. तानशाचं रान त्याचं नव्हे. तिथे तो आठवडाभरही जगणार नाही आणि आपल्या राघूंना एखादा रोग देऊन जाईल ते वेगळंच. तेव्हा त्याला नीट सांभाळणं, एवढाच रस्ता उरतो. १९७९ चा कुठलाच कागद आमच्याकडे नव्हता. २०२० साली केंद्र सरकारने परदेशी पाळीव प्राण्यांची माहिती स्वेच्छेने द्या, सहा महिन्यांत दिलीत तर कागद मागणार नाही, अशी योजना काढली. तेव्हा आम्ही नोंद केली. २०२४ च्या नियमांनी 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली, तीही केली. मालक म्हणून नाव लिहिताना बोटं अडखळली. मालक कसला? मी थव्यातला एक.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये रिचमंडच्या डचेसचा मेणाचा पुतळा आहे आणि सोबत पेंढा भरलेला तिचा आफ्रिकन ग्रे. तो चाळीस वर्षं तिच्याजवळ होता म्हणतात. १७०२ साली ती गेली आणि थोड्याच दिवसांत तोही गेला. लोकांना ती प्रेमकहाणी वाटते. मला त्यात हाकेला उत्तर न मिळालेलं एक पाखरू दिसतं.

म्हणून गेल्या वर्षी मी वसियतनामा केला, तेव्हा कवितांच्या वह्यांच्या आधी कप्तानचं कलम घातलं. माझ्यानंतर तो धाकट्या भाचीकडे जाईल. ती आतापासून दर रविवारी येते आणि त्याच्याशी बोलत बसते. त्याला तिच्या आवाजाची सवय व्हायला हवी.

उद्या पहाटे तो पुन्हा विचारेल, चहा झाला का? चहाशी त्याला देणंघेणं नाही. तो विचारतोय, तुम्ही आहात ना? आम्ही स्वयंपाकघरातून ओरडून सांगतो, "झाला, कप्तान, झाला!"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)