बडगामची दुपार : मेजर सोमनाथ शर्मा

१/ ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस काश्मीरचे भवितव्य श्रीनगरच्या धावपट्टीवर येऊन ठेपले होते. २७ ऑक्टोबरला भारतीय सैन्याची पहिली तुकडी तेथे उतरली. पुढची कुमकही विमानानेच येत होती. धावपट्टी शत्रूच्या हाती पडली असती, तर ती उतरवायला जागाच उरली नसती.

२/ ४ कुमाऊँ पलटणीच्या ‘डी’ कंपनीचे नेतृत्व चोवीस वर्षांच्या मेजर सोमनाथ शर्मांकडे होते. दुसऱ्या महायुद्धात आराकानच्या आघाडीवर ते लढले होते. हॉकी खेळताना दुखावलेला डावा हात प्लास्टरमध्ये होता; तरीही कंपनीबरोबर जाण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

३/ ३ नोव्हेंबरला ही कंपनी विमानतळापासून जवळच असलेल्या बडगाम येथे गस्तीवर होती. दुपारपर्यंत शत्रूची चाहूल न लागल्याने सोबतच्या कंपन्या परतू लागल्या. त्यानंतर गावातील घरांतून गोळ्या सुटल्या आणि पाठोपाठ सुमारे ७०० टोळीवाले उखळी तोफांसह चालून आले. एका जवानामागे सात शत्रू, असे हे प्रमाण होते.

४/ येथे सेनानायकाचे काम केवळ हुकूम देण्याचे राहिले नाही. शर्मा गोळीबारात उघड्यावरून धावत एका मोर्चावरून दुसऱ्या मोर्चावर जात राहिले. विमानांना लक्ष्य समजावे म्हणून शत्रूच्या माऱ्यातच त्यांनी जमिनीवर कापडी पट्टे अंथरले. मशीनगनवरचे जवान जायबंदी होऊ लागले, तेव्हा त्या प्लास्टरमधल्या हातानिशी ते स्वतः मॅगझिन भरून देऊ लागले.

५/ ब्रिगेडला त्यांनी कळवले, की शत्रू ५० यार्डांवर आला आहे. तथापि आपण तसूभरही मागे हटणार नाही. थोड्याच वेळात उखळी तोफेचा गोळा जवळच्या दारूगोळ्यावर फुटला आणि ते धारातीर्थी पडले. नायक गेल्यानंतरही कंपनी लढत राहिली. त्या दिवशी त्यांच्यासह वीसहून अधिक सैनिकांनी प्राण वेचले.

६/ गाव राखता आले नाही, पण वेळ मिळाला. हल्लेखोरांची गती खुंटली, विमानतळ बचावला आणि कुमक उतरत राहिली. ७ नोव्हेंबरला शालटेंग येथे टोळीवाल्यांचा निर्णायक पराभव झाला.

७/ शर्मा हे परमवीर चक्राचे पहिले मानकरी. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाई मराठी सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी होत्या आणि त्यांची कन्या सोमनाथांच्या धाकट्या बंधूंना दिलेली होती. पराक्रमाचे ते पहिले पदक अशा रीतीने त्यांच्या सोयऱ्यांच्याच घरी गेले.