'बीगल'वरची सोबत

'बीगल' म्हटले की डार्विन आठवतो. मीही वर्गात 'डार्विनचे जहाज' एवढेच सांगून पुढे जात असे. पण तिच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात डार्विन जेमतेम पाच वर्षे तिच्यावर होता, आणि तोही पाहुणा म्हणून. ती होती ब्रिटिश आरमाराची एक छोटी युद्धनौका.

११ मे १८२० रोजी ती वुलिचच्या गोदीतून पाण्यात उतरली. लांबी सुमारे ९० फूट, दोन डोलकाठ्या, दहा तोफा. या जातीच्या नौका वादळात बुडत, म्हणून खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत! नेपोलियनचे युद्ध १८१५ मध्येच संपले होते. काम नव्हते, म्हणून बीगल पाच वर्षे नुसती पडून राहिली. मग १८२५ मध्ये तिच्या तोफा कमी केल्या, तिसरी डोलकाठी बसवली आणि तिला किनारे मोजण्याच्या कामाला लावले.

१८२६ मध्ये ती दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे निघाली. कप्तान होता प्रिंगल स्टोक्स. थंडी, पाऊस, वादळे, आजारी खलाशी आणि संपता न संपणारा ओसाड किनारा. त्या काळी कप्तानाने हाताखालच्यांशी सलगी करायची नाही अशी शिस्त होती. जेवायचेही एकट्यानेच. ऑगस्ट १८२८ मध्ये मॅगेलनच्या सामुद्रधुनीत स्टोक्सने स्वतःवर गोळी झाडली आणि काही दिवसांनी तो वारला.

त्याच्या जागी आला रॉबर्ट फिट्झरॉय, वय वर्षे २३. त्याच्या मामाने १८२२ मध्ये आत्महत्या केली होती. त्यामुळे दुसऱ्या सफरीची तयारी करताना त्याला स्वतःचीच धास्ती वाटली. जेवताना दोन शब्द बोलायला, चर्चा करायला कोणी सुशिक्षित सोबती हवा, असे त्याने वरिष्ठांना कळवले. शोधता शोधता सापडला २२ वर्षांचा डार्विन.

२७ डिसेंबर १८३१ ला निघालेली बीगल २ ऑक्टोबर १८३६ ला परतली. फिट्झरॉयने २२ कालमापक घड्याळे नेली होती. रेखांश अचूक काढणे हेच नौकेचे खरे काम. ब्राझीलमध्ये गुलामगिरीवरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. पण काही तासांतच कप्तानाने क्षमा मागितली आणि पुन्हा एकाच टेबलावर जेवणे सुरू झाली.

पुढे १८३७ ते १८४३ बीगलने ऑस्ट्रेलियाचे किनारे मोजले. १८४५ पासून ती इंग्लंडमध्येच एसेक्सच्या खाडीत चोरट्या व्यापारावर पहारा करत उभी राहिली. १८६३ मध्ये तिचे नावही गेले, उरला नुसता क्रमांक ७. १८७० मध्ये ५२५ पौंडांना ती मोडीत निघाली.

आणि फिट्झरॉय? १८५४ पासून तो ब्रिटनच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख. वादळाचे इशारे देऊन त्याने खलाशांचे जीव वाचवले. १८६५ मध्ये मात्र त्यानेही स्वतःचा जीव घेतला. त्या वेळी जवळ डार्विन नव्हता.

आम्ही मुलांना 'कारणे द्या' असा प्रश्न घालत असू. उत्तरे ठरलेली: राजकीय, आर्थिक, सामाजिक. डार्विन बीगलवर का गेला, याचे एक कारण 'एका माणसाला एकटे जेवायची भीती वाटत होती' असेही आहे. कोणी ते लिहिले असते तर मी गुण दिले असते का, कोण जाणे. आज नक्की दिले असते.