मेंढ्याचे गोठीत रेत

मेंढ्याचे वीर्य संरक्षक द्रावणात मिसळून, गोठवून, उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवतात. त्याला गोठीत रेत म्हणतात. निवडक नर मेल्यावरही त्याचा वंश त्यामुळे दूरदूरच्या कळपांत वाढवता येतो.

मेंढ्याचे वीर्य एका वेळी जेमतेम 1 मिली मिळते, पण तेवढ्यात काही अब्ज शुक्राणू असतात. द्रावणातला अंड्याचा बलक त्यांना थंडीच्या धक्क्यापासून सांभाळतो, तर ग्लिसरॉल बर्फाच्या स्फटिकांपासून. ग्लिसरॉलचा हा गुण इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध केला. मिश्रण सावकाश 5 अंशांपर्यंत थंड करून पाव मिलीच्या स्ट्रॉमध्ये भरतात, नायट्रोजनच्या वाफेवर गोठवतात आणि मग द्रवात बुडवतात.

असे रेत किती टिकते? सिडनी विद्यापीठात 1968 मध्ये गोठवलेले मेरिनो मेंढ्यांचे रेत पन्नास वर्षांनी 56 मेंढ्यांत भरले, तेव्हा 34 गाभण राहिल्या.

खरी अडचण रेत भरताना येते. मेंढीच्या गर्भाशयमुखाचा मार्ग अरुंद आणि नागमोडी असतो, त्यामुळे गाईप्रमाणे नळी आत जात नाही. गोठवणीतून निभावलेले शुक्राणू दुबळे असल्याने बाहेरच सोडले तर फार थोडे बीजांडापर्यंत पोचतात. म्हणून 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियात दुर्बिणीने थेट गर्भाशयात रेत सोडण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी योनीत संप्रेरकयुक्त स्पंज ठेवून मेंढ्या एकाच वेळी माजावर आणतात. दुर्बिणीचे काम कुशल पशुवैद्यकाचेच.

पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याला या तंत्राला लागणारा द्रवरूप नायट्रोजन परका नाही. चाकणला हवेतले वायू वेगळे करणारे कारखाने आहेत; हवेत नायट्रोजन तर 78 टक्के. पण लगतच्या खेड-शिरूरच्या रानांतून मेंढपाळांचे वाडे चाऱ्यामागे मुक्काम हलवत असतात. स्पंज ठेवल्यापासून रेत भरेपर्यंत सुमारे पंधरा दिवस तोच कळप पशुवैद्यकाच्या हाताशी राहणे तिथे अवघड असते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम इथे मोलाचे ठरते. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापलेल्या या संस्थेने सुंदरबनातल्या बुटक्या गारोळ मेंढीचे जुळ्यांचे जनुक संकरातून दख्खनी मेंढ्यांत आणले आणि ‘सुवर्णा’ हा वाण घडवला. शेळ्यांसाठी ही संस्था गोठीत रेत पुरवते, कारण शेळीच्या गर्भाशयमुखातून नळी बरीच आत सरकते. मेंढपाळांच्या कळपांत मात्र तिने जुळ्यांचे जनुक असलेले जिवंत नर दिले. दुर्बीण हाताळणारे पशुवैद्यक वाड्यांपर्यंत पोचू लागले, तर दख्खनीच्या लोणंद आणि संगमनेरी प्रकारांतल्या उत्तम नरांचे गोठीत रेतही मेंढपाळांच्या उपयोगी पडेल.