कर्णा, पेटी आणि दहा बाय बाराची खोली



वाचनालयाच्या मागच्या दहा बाय बाराच्या खोलीत जुन्या रेकॉर्ड ऐकायची सोय करावी, असं आपल्या गेवराईतल्या काहींच्या मनात आहे. वर्गणीही थोडी जमली आहे. गाडी अडली आहे ती अँप्लिफायरवर. एक पक्ष म्हणतो दोनशे वॅटचा घ्या, एकदाच काय ते होऊन जाईल. दुसरा म्हणतो मंडपवाल्याचा जुना आणा, फुकटात काम होईल. आम्हांला हे दोन्ही पटत नाही, आणि का पटत नाही ते इतिहासातूनच सांगावं लागेल.

गेझबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा अँप्लिफायर नावाची वस्तूच नव्हती. गायकानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या जोरावर सुई मेणात रेघ ओढणार. घरी ऐकतानाही सुईची थरथर पडद्याला आणि पडद्याची कर्ण्याला. वीज कुठंच नाही. तरी वाड्याच्या सोप्यात दहा-पंधरा माणसं बसून ऐकत, कारण कर्णा थोड्या शक्तीतून पुष्कळ आवाज काढतो. हा गुण लक्षात ठेवा, पुढं लागेल.

१९२५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ध्वनिमुद्रण विजेवर गेलं, आणि अमेरिकेत राइस व केलॉग या दोघांनी कागदी शंकूचा, तारेच्या वेटोळ्याचा स्पीकर मांडला. आज आपल्या घरातला स्पीकर त्याच वंशातला. पुढच्याच वर्षी तो बाजारात आला तो एकाच कपाटात, स्वतःच्या अँप्लिफायरसह. म्हणजे जोडी जुळवूनच जन्माला आली होती. व्हॉल्व्हचे रेडिओही तसेच. पोस्टात लायसन भरून घेतलेल्या, निजामाचं औरंगाबाद केंद्र ऐकवणाऱ्या सेटमध्ये दोन-चार वॅटच निघत असत, आणि स्पीकर त्याच मापाचा निवडलेला असे. पत्रिका जुळवायचं काम कारखान्यानंच केलेलं. गिऱ्हाइकाला विचार करायची पाळी आली नाही.

पाळी आली ती ही जोडी फुटल्यावर. १९५४ मध्ये एडगर विल्चरनं हवाबंद छोट्या पेटीचा स्पीकर काढला. लहान पेटीतून खर्ज निघू लागला, पण त्याची किंमत अशी की तेवढ्याच वॅटमध्ये आवाज कमी. मग जास्त वॅट हवेत. साठच्या दशकात ट्रान्झिस्टरनं ते स्वस्त केले, आणि आकड्यांची शर्यत लागली. ती इतकी बेताल झाली की १९७४ मध्ये अमेरिकी सरकारला वॅट कसे मोजायचे याचा नियम करावा लागला. आपल्याकडं तसा धाक नव्हता. म्हणून तर तळहाताएवढ्या टेपवर ‘पी.एम.पी.ओ.’चे हजार-हजार वॅट छापलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. घोड्याची ताकद तो उधळला त्या क्षणी मोजावी, तशातली गत! खरेदी करताना ‘आर.एम.एस.’ किंवा सलग वॅट किती, एवढंच विचारा.

आता हिशेब. साध्या स्पीकरवर ८७ डेसिबल असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर तेवढा आवाज. आपल्या खोलीत आठ फुटांवर बसलात तरी ८० च्या वर राहील. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. गायकानं तान घेतली, तबल्यावर थाप पडली, की क्षणभर दहा-पंधरा डेसिबल वर जायला हवं. प्रत्येक दहा डेसिबलला दहापट वॅट लागतात. म्हणजे वीस-तीस वॅट पुरे. आणि दोनशेच्या जागी चारशे घेतले तर? फक्त तीन डेसिबल वाढतील. पैसे मात्र तीन डेसिबलनं वाढत नाहीत.

ओहमचा गोंधळ वेगळा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला मागं ४, ८, १६ अशी टोकं असायची. स्पीकर ज्या ओहमचा, त्या टोकाला तार. ‘मॅचिंग’ हा शब्द तिथून आला. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात अशी बरोबरी नसते. यंत्र कमीत कमी किती ओहम सोसतं तेवढं पाहायचं. चार ओहमचा स्पीकर आठच्या दुप्पट करंट ओढतो. मंडपवाल्याच्या अँप्लिफायरचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्याची १०० व्होल्टची लाइन लांबवरच्या कर्ण्यांसाठी असते, प्रत्येक कर्ण्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला. त्या लाइनला घरातला स्पीकर थेट जोडला तर तो त्याच दिवशी जळेल. शिवाय कर्णा मैदानासाठी. दहा बाय बारात तो अंगावर येतो.

इथं आमच्या शास्त्रातलं थोडं, सवय जात नाही. शब्द पसरतो कसा, यावर नैयायिकांकडं दोन दृष्टान्त आहेत: पाण्यावरच्या लाटेमागून लाट, तो वीचीतरंगन्याय, आणि कदंबाच्या फुलासारखं सगळीकडं एकदम, तो कदंबगोलकन्याय. गंमत अशी की पेटीतून निघणारा खर्ज कदंबासारखा चोहीकडं जातो आणि तार स्वर समोरच सरळ जातात. तो चोहीकडं गेलेला खर्ज खोलीत अडकतो. बारा फुटांच्या भिंतींत तो ४७ हर्ट्झला घुमतो, पुन्हा ९४ ला, आणि डग्गा गडगडू लागतो. त्यावर अँप्लिफायर बदलून काही होत नाही. पेटी कोपऱ्यातून पुढं ओढा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा. पुस्तकांची आपल्याकडं ददात नाही. जुन्या माळवदाच्या घरात हा त्रास कमी असे. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड-माती, आवाज जिरत जाई. पत्र्याखाली आणि सिमेंटात तो जिरत नाही.

अजून एक. आपल्याकडच्या रेकॉर्ड बहुतेक ७८ च्या आहेत, म्हणजे एकाच वाहिनीच्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या कर्ण्यात गायलेल्या काय नि तिशीतल्या माइकवरच्या काय, दोन्हींना एक स्पीकर पुरतो. स्टिरिओ आला तोच १९५८ च्या सुमारास. तेव्हा सध्या एकच चांगली पेटी आणि तीस खऱ्या वॅटचा अँप्लिफायर घ्यावा. उरलेल्या पैशांत ७८ साठीची वेगळी, जाड टोकाची सुई आधी आणावी. एल.पी.ची सुई या रुंद खाचेत तळाला घासत जाते, आणि मग खरखरीचं खापर लोक अँप्लिफायरवर फोडतात.