उष्मांकांचा हिशेब: पुणे, दिल्ली आणि माझा वजनकाटा



आजची गोष्ट एका पाटीवरच्या आकड्यापासून सुरू होते. गुडगावच्या एका मॉलमध्ये कॉफी प्यायला गेलो होतो. पाटीवर प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे होते, एक रुपयांचा आणि दुसरा कॅलरींचा. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, की प्रौढ माणसाला दिवसाला सरासरी 2000 किलोकॅलरी ऊर्जा लागते, पण प्रत्येकाची गरज वेगळी असू शकते. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या खाद्यगृहांना 2022 पासून हे लिहावं लागतं. नियम करणारी संस्था, एफएसएसएआय, दिल्लीतच कोटला रोडवर आहे. आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी. मराठीत तिला उष्मांक म्हणतात. मीही आज तेच शब्द वापरणार आहे.

त्या दिवशी तो आकडा मला टोचला, कारण माझं वजन तेव्हा 84 किलो होतं आणि डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचं सांगितलं होतं. मधुमेहानं माझ्या वडिलांचे शेवटचे दिवस कसे गेले ते मी पाहिलंय. नोएडातल्या घरी आलो, मोबाइलवर एक ॲप घेतलं आणि घास घास मोजायला लागलो. रोज 500 उष्मांक कमी खायचे असं ठरवलं. सात महिन्यांत 84 चे 77 झालो आणि तिथंच काटा अडकला. खाणं तेवढंच होतं, चालणं तेवढंच होतं, पण काटा हलेना. दिवाळीला आईच्या चकलीपुढे ॲप बंद केलं आणि पुढच्या वर्षभरात 83 वर परत आलो.

मग प्रश्न पडला, की हा माझा आळस की गणितातच काही खोट? त्याचं उत्तर शोधताना मी आहारशास्त्राकडून थेट योजना आयोगाच्या फायलींपर्यंत पोचलो, आणि तिथं भेटली ती काही मराठी माणसं!

आधी हा आकडा आला कुठून ते पाहू. अमेरिकेतल्या मिडलटाउन गावी विल्बर ॲटवॉटर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. 1890 च्या दशकात त्यांनी माणूस आत राहू शकेल एवढी एक बंद खोली बांधली. आतला माणूस काय खातो, किती उष्णता बाहेर टाकतो, हे ते मोजत. त्यातून पुढे आलेला ठोकताळा आपण आजही वापरतो. एक ग्रॅम प्रथिन म्हणजे 4 उष्मांक, एक ग्रॅम पिष्ट म्हणजे 4 आणि एक ग्रॅम स्निग्ध म्हणजे 9. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. ऑक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नाचे तक्ते छापले. ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

या तक्त्यांचा मूळ उपयोग लक्षात घ्या. कामगारांना, कैद्यांना, सैनिकांना, दुष्काळातल्या लोकांना पुरेसं अन्न किती, हे ठरवायला ते लागत. म्हणजे प्रश्न हजारो माणसांच्या सरासरीचा होता. वजन उतरवण्यासाठी एकेकानं मोजायचं ही कल्पना अमेरिकेत लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंच्या 1918 च्या पुस्तकानं घरोघरी नेली.

आता पुण्यात येऊ. 1971 साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कोणाला म्हणायचं? त्यांनी ठरवलं, की ज्या कुटुंबाला माणशी दिवसाला 2250 उष्मांक मिळतील एवढंही खर्चायला जमत नाही, ते गरीब. 1960-61 च्या किमतींनी हिशेब केला तर खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस. खेड्यांतली सुमारे 40 टक्के माणसं या रेषेच्या खाली निघाली. पुढे 1979 मध्ये दिल्लीत योजना आयोगाच्या कार्यगटानं, त्याचे अध्यक्ष य. क. अलघ होते, खेड्यासाठी 2400 आणि शहरासाठी 2100 उष्मांक हा पाया धरला. संसद मार्गावरच्या योजना भवनात देशाची गरिबी अशी उष्मांकांत मोजली जाऊ लागली.

याला हरकत घेतली ती आणखी एका मराठी माणसानं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध हे त्यांचं गाव. लंडनहून संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आले आणि चाळीसच्या दशकात दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. आज पुसामध्ये जी कृषी संख्याशास्त्राची संस्था आहे, तिचं मूळ त्या विभागात आहे. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते संख्याशास्त्राचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर पुण्याला परतले.

सुखात्म्यांचं म्हणणं असं होतं: दोन माणसं वयानं, वजनानं, कामानं सारखी असली तरी त्यांची गरज सारखी नसते, हे सगळे मानतात. पण एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. शरीर खाण्याप्रमाणे आपला खर्च काही मर्यादेत कमीजास्त करतं. त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असं म्हणता येत नाही. 1982 मध्ये अमेरिकेतले शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी हा विचार शास्त्रीय नियतकालिकात मांडला.

यावर वाद पेटला. सुखात्म्यांचं ऐकलं तर उपाशी माणसांची संख्या कागदावर बरीच खाली येत होती, आणि सरकारला हात झटकायला ते सोयीचं होतं. दांडेकरांनी त्यांना लेखांतून सडेतोड उत्तरं दिली. दिल्लीत न्यूट्रिशन फाउंडेशन ऑफ इंडिया स्थापन करणारे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी विचारलं, की कमी अन्नाशी जुळवून घेतलेलं शरीर कोणत्या किमतीवर जुळवून घेतं? मूल खुरटतं, बाई थकलेली राहते, मजुराचा हात हळू चालतो. याला जुळवून घेणं म्हणायचं की सोसणं?

तुम्ही म्हणाल, यात तुमच्या पोटाच्या घेराचा काय संबंध? अगदी जवळचा संबंध आहे. भुकेल्या माणसाबद्दल जो वाद झाला, तोच माझ्या शरीरात चालला होता.

डाएट सांगणारे जे गणित वापरतात ते 1958 च्या एका लेखातून रूढ झालं. मॅक्स विश्नॉफ्स्की या डॉक्टरांनी मांडलं, की एक पौंड वजन म्हणजे 3500 उष्मांक. किलोत सांगायचं तर साधारण 7700. म्हणजे रोज 500 कमी खाल्ले तर वर्षात जवळजवळ 24 किलो उतरायला हवेत. ठीक. मग तीन वर्षांत 71 किलो. 84 मधून 71 वजा केले तर माझं वजन 13 किलो उरतं! हे होत नाही हे कुणालाही दिसतं. कारण गणितानं धरलंय, की मी कितीही बारीक झालो, कितीही कमी खाल्लं, तरी माझा खर्च पहिल्या दिवसाइतकाच राहील. शरीर तसं वागत नाही.

याचा सगळ्यात कठोर पुरावा 1944-45 मधला आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर, दिवसाला सुमारे 1570 उष्मांकांवर ठेवलं. वजन चतुर्थांश उतरलं. पण विश्रांतीच्या वेळचा ऊर्जेचा खर्च सुमारे 40 टक्क्यांनी घटला. वजन कमी झाल्यानं जेवढा घटायला हवा त्याहून जास्त. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची. डोक्यात दिवसरात्र जेवणाचे विचार. शरीरानं जुळवून घेतलं होतं, हे सुखात्म्यांचं म्हणणं. पण फुकट नाही, हे गोपालन यांचं.

अलीकडचंही उदाहरण आहे. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका दूरदर्शन स्पर्धेतल्या 14 जणांचा सहा वर्षांनी पुन्हा अभ्यास झाला, 2016 मध्ये तो छापला गेला. सरासरी 58 किलो उतरवलेल्या या लोकांनी 41 किलो परत मिळवले होते. आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 उष्मांक कमी खर्च करत होतं. सहा वर्षांनंतरही!

ही झाली खर्चाची बाजू. जमेची बाजू तरी पक्की आहे का? ॲपमध्ये मी ‘एक पोळी’ लिहायचो. कुणाची पोळी? कोरड्या कणकेच्या 100 ग्रॅमला साधारण 340 उष्मांक धरा. आईची पातळ पोळी 25 ग्रॅम पिठाची, म्हणजे 85. ढाब्यावरची जाड रोटी 45 ग्रॅमची, म्हणजे दीडशेच्या वर. वर चमचाभर तूप, की आणखी 45. दिवसाला सहा पोळ्यांत केवढा फरक झाला बघा. बदामाचंच घ्या. जुन्या ठोकताळ्यानं मूठभर, म्हणजे 28 ग्रॅम बदामांत 170 उष्मांक भरतात. 2012 च्या एका प्रयोगात शरीराला त्यातले 129 च मिळतात असं दिसलं. बाकीचे न पचता बाहेर जातात.

आणि आपण लिहितो तरी खरं का? ‘मी 1200 वरच आहे, तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या लोकांचा 1992 मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला. ते आपलं खाणं जवळजवळ निम्म्यानं कमी सांगत होते आणि व्यायाम निम्म्यानं वाढवून सांगत होते. खोटारडी नव्हती ही माणसं. डब्यातून उभ्या उभ्या उचललेला शेंगदाण्याचा लाडू आपल्याला ‘खाल्ला’ असं वाटतच नाही. मी स्वतः दोन दिवस बायकोला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं. तिची यादी माझ्यापेक्षा पुष्कळ लांब निघाली.

मग उष्मांक मोजणं निव्वळ थोतांड का? नाही. इथं घाई करू नका. कमी ऊर्जा घेतली तर वजन उतरतं, यात शंका नाही. अमेरिकेतल्या एका दोन वर्षांच्या प्रयोगात लोकांना 25 टक्के कमी खायला सांगितलं होतं. तज्ज्ञांची सोबत असूनही त्यांना सुमारे 12 टक्केच जमलं, तरीही वजन सरासरी 10 टक्के उतरलं आणि ते बऱ्यापैकी टिकलं. म्हणजे दिशा बरोबर आहे. चुकतो तो आपला आकड्यावरचा विश्वास, जणू शरीर म्हणजे बँकेचं पासबुक.

आता दिल्लीला परत येऊ, कारण या गोष्टीचा शेवटही इथलाच आहे. 1983 मध्ये ग्रामीण भारतात माणशी दिवसाला 2240 उष्मांक खाल्ले जात, 2004-05 मध्ये ते 2047 वर आले. लोकांचा खर्च वाढला होता, उष्मांक मात्र घटले होते. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी 2009 मध्ये हे कोडं मांडलं. अंगमेहनत कमी होणं, आजार कमी होणं अशी कारणं त्यांनी तपासली. त्याच वर्षी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे सुरेश तेंडुलकर यांच्या समितीनं दारिद्र्यरेषेला उष्मांकांच्या खुंटीवरून सोडवलं. दुसऱ्या बाजूला, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिल्लीतल्या सुमारे 41 टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या निघाल्या. म्हणजे गंमत बघा. गरिबी मोजताना सरकारनं ज्या आकड्याचा हात सोडला, तोच आकडा आम्ही गुडगाव-नोएडाच्या लोकांनी मोबाइलमध्ये घेतला.

दांडेकरांना तो आकडा कोट्यवधी माणसांसाठी हवा होता, आणि तिथं तो कामाचा होता. भूक किती आहे हे सरकारला दाखवायला दुसरं हत्यार नव्हतं. एका माणसाच्या एका दिवसाचा निवाडा मात्र त्यानं होत नाही. सुखात्म्यांची ही गोष्ट मला माझ्या वजनकाट्यानं पटवली.

मी आता काय करतो? रोज मोजत नाही. तीन महिन्यांतून एकदा आठवडाभर सगळं लिहून काढतो, बायकोच्या साक्षीनं. त्यातून चोरवाटा दिसतात. माझ्या बाबतीत त्या दोन निघाल्या: ऑफिसातला चारचा चहा-बिस्किटं आणि रात्री दहाचं जेवण. त्या दोनच बदलल्या. वजन रोज न पाहता महिन्याची सरासरी पाहतो, आणि कंबर टेपनं मोजतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःचाच दाखला दिला होता. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. आपल्या लोकांना काटा एकटा पुरत नाही तो असा.

वजन सध्या 79 आहे. दोन वर्षं झाली, तिथंच आहे. साखर काठाच्या आत आहे. 72 होणार नाही बहुधा, आणि त्याची मला आता लाजही वाटत नाही. काटा अडकला तेव्हा मी स्वतःला सात महिने शिव्या दिल्या होत्या. माझं शरीर फक्त तेच करत होतं, जे हजारो दुष्काळांतून ते शिकलंय. तुमच्याही काट्याची सुई अडकली असेल तर आधी एवढं लक्षात घ्या. आणि औषधं चालू असतील, तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.