फॉरेस्टलवरचं रॉकेट कोणी उडवलं?

मोबाइलच्या किंवा रडारच्या लहरींमुळे स्फोटकं फुटू शकतात का? हा प्रश्न निघाला की इंटरनेटवर एक उदाहरण हमखास येतं, यूएसएस फॉरेस्टलचं. आज तीच गोष्ट ऐकू या. पण जरा सावध कान ठेवून!

२९ जुलै १९६७. व्हिएतनामजवळचं टोंकिनचं आखात. अमेरिकेची ही विमानवाहू नौका लढाईत उतरून जेमतेम पाचवा दिवस. सकाळचे अकरा वाजायला आलेत. डेकवर विमानं दाटीवाटीनं उभी आहेत, टाक्या भरलेल्या, पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेटं. आणि अचानक एका फँटम विमानाखालचं 'झुनी' रॉकेट सुटलं. वैमानिकानं बटण दाबलेलंच नव्हतं.

रॉकेट डेक ओलांडून समोरच्या स्कायहॉक विमानावर आदळलं. त्याचा स्फोट झाला नाही, पण विमानाची टाकी फुटली, इंधन सांडलं आणि पेटलं. जवळच हजार पौंडी बॉम्ब होते. जुन्या साठ्यातले, आदल्याच दिवशी जहाजावर आलेले, आणि आगीत नव्या बॉम्बपेक्षा फार लवकर फुटणारे. आग विझवणाऱ्या तुकडीचे प्रमुख जेराल्ड फॅरिअर हातातलं छोटं यंत्र घेऊन थेट तापलेल्या बॉम्बकडे धावले. तो थंड ठेवायचा, तेवढ्यात बाकीच्यांना फोम आणता येईल, एवढाच हिशोब. पण दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला. फॅरिअर गेले, आणि तुकडीतली बहुतेक शिकलेली माणसंही गेली. मग ज्यांना आगीचं प्रशिक्षणच नव्हतं, त्यांनी नळ्या उचलल्या. एकानं फोम मारायचा आणि दुसऱ्यानं पाण्यानं तो धुवून टाकायचा, असंही झालं. १३४ जण मेले, १६१ जखमी झाले. पुढे २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले जॉन मॅकेन त्या दिवशी डेकवरच्या एका स्कायहॉकमध्ये बसले होते. ते कसेबसे वाचले.

आता मुद्दा. रॉकेट सुटलं कसं?

विजेवर पेटणाऱ्या स्फोटकात एक केसासारखी बारीक तार असते. तिच्यातून ठरावीक करंट गेला की ती तापते आणि भोवतालची दारू पेटते. आता गंमत बघा, हा करंट बटणातून आला की भलतीकडून, हे त्या तारेला कळत नाही. लांब वायर अँटेनासारखी वागते. शेजारी जोरदार रडार किंवा रेडिओ ट्रान्समीटर असेल, तर त्या वायरीत आपोआप थोडी वीज तयार होते. म्हणजे धोका खरा आहे. अमेरिकी नौदलाला तो फॉरेस्टलच्या आधीपासून माहीत होता. त्यांनी त्याला नाव दिलंय, 'हीरो'. पूर्ण इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून हा शब्द झालाय, इथे हीरो कोणीच नाही!

१९९५ मध्ये नासानं अशा बिघाडांची उदाहरणं एका पुस्तिकेत छापली. त्यात फॉरेस्टलही आहे. तिथे म्हटलंय की उतरणाऱ्या विमानावर जहाजाच्या रडारच्या लहरी पडल्या आणि शस्त्र सुटलं. गोष्ट झकास आहे, म्हणून ती पसरली.

पण नौदलाच्या चौकशीत वेगळंच दिसतं. ते विमान उतरत नव्हतं, डेकवर उभं होतं. बाहेरून दिलेली वीज बंद करून विमान स्वतःच्या विजेवर घेताना विजेचा एक झटका आला आणि तो रॉकेटपर्यंत पोचला. पोचला कसा? कारण अडवायला काहीच उरलं नव्हतं. सुरक्षेची पिन जागेवर नव्हती. आणि रॉकेटची वायर उड्डाणाच्या अगदी शेवटच्या क्षणी, विमान कॅटपल्टवर गेल्यावर जोडायची, असा नियम होता. उड्डाणांना उशीर होतो म्हणून ती आधीच जोडायची मुभा जहाजावरच्या लोकांनी परस्पर दिली होती.

फरक लक्षात येतोय ना? रडारवर खापर फोडलं की दोष अदृश्य लहरींवर जातो. खरी गोष्ट सांगितली की दोष जातो 'चल रे, वेळ वाचेल' या वाक्यावर. आणि हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे.

म्हणून लहरींना घाबरायचंच नाही का? तसं नाही. भटकी वीज रडारमधून येवो, आकाशातल्या विजेतून येवो की खराब स्विचमधून, उपाय तोच: वायर झाकून घ्या, शेवटपर्यंत जोडू नका, आणि जमलं तर वायरच काढून टाका. खाणकामात हेच झालं. तारेऐवजी प्लॅस्टिकची पोकळ नळी आली. तिच्यातून वीज नाही, धक्क्याची लहर जाते, त्यामुळे रेडिओ लहरी तिचं काही बिघडवू शकत नाहीत. भारतानंही १ एप्रिल २०२५ पासून साध्या विद्युत डिटोनेटरवर बंदी घातली. या क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

फॅरिअर यांच्या नावानं आज अमेरिकेत नॉरफोकला आग विझवण्याचं प्रशिक्षण देणारी नौदलाची शाळा आहे. तिथे एका तुकडीला नाही, तर प्रत्येक खलाशाला नळी धरायला शिकवतात.

पुढच्या वेळी कोणी 'रडारनं रॉकेट उडवलं' असं फॉरवर्ड पाठवलं, तर त्याला एवढंच विचारा: पिन कुठे होती? भेटू पुढच्या भागात!